तुमची ब्रँच कोणती?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी मला गाठलं. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे. "तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना गं? मग मला सांग, आमच्या पठ्ठ्याला कॉम्प्युटरला प्रवेश नाही मिळाला तर काय करायचं?"

मी म्हटलं, "काकू, मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. मी टेक्सटाइलची."

काकू हातातलं वाण घेऊन माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे कापडाचं? मग इतकी वर्षं त्या ऑफिसात तू करतेस तरी काय?"

सॉफ्टवेअरच करते, हे मी सांगितलं. पण तेवढ्यात अत्तर आलं, गुलाबपाणी आलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरची शंका तशीच राहिली. संपादकांनी अंकासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं की काकूंना नीट उत्तर द्यायचं. लिहिण्याचं आणखी एक कारण आहे, माझ्याच ऑफिसातलं. ते सांगायला जरा जड जाणार आहे, म्हणून शेवटाकडे ठेवते.

माझे बाबा बडोद्यातल्या एका गिरणीत वीव्हिंग मास्तर होते. मी शाळेत असताना गिरणी बंद पडली. तरीही माणसाला कापड लागतंच, तेव्हा टेक्सटाइलचा इंजिनिअर उपाशी मरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी कलाभवनात बी.ई. टेक्सटाइलला गेले. जुन्या बडोदेकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलं. विणकाम, रंगकाम, यंत्रकाम असे पोटापाण्याचे विषय तिथे शिकवले जात. दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. आज ती सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे.

शेवटच्या वर्षी कॅम्पसला एकही गिरणी आली नाही. सॉफ्टवेअर कंपनी आली. नोटीस बोर्डावर लिहिलं होतं, 'कोणतीही ब्रँच, साठ टक्के.' आम्ही टेक्सटाइलवाले, सिव्हिलवाले, मेटलर्जीवाले, सगळे एकाच रांगेत उभे राहिलो. निवड झाली, काही महिन्यांचं ट्रेनिंग झालं आणि मी जावा लिहू लागले. घरी पेढे वाटले, पण बाबा जरा हिरमुसलेच होते. चार वर्षं माग शिकवला आणि पोरगी काचेसमोर जाऊन बसली!

पहिल्या दिवाळीला मी त्यांना समजावून सांगत होते की प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना. बाबा उठले, ट्रंक उघडली आणि जाड पुठ्ठ्याचे, भोकं पाडलेले, दोरीने एकमेकांना बांधलेले चार-पाच पत्ते माझ्यापुढे ठेवले. "हे काय वेगळं आहे?"

ते जॅकार्डचे पत्ते होते. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास हा माग तयार केला. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. मधून बाणा जातो आणि पुढचा पत्ता येतो. हजारो पत्त्यांची माळ म्हणजे एक नक्षी. माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी. बाबा म्हणाले, एक पत्ता उलटा बांधला गेला तर दर थोड्या अंतरावर तीच चूक थानभर दिसते, आणि ती शोधायला अख्खी माळ तपासावी लागते. मी आठवडाभर ऑफिसात तेच करून आले होते.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की ही नुसती उपमा नाही. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना या मागावरूनच उचलली. एडा लवलेसने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणं लिहिली, त्यांत जॅकार्डच्या मागाशी तुलना आहे. अमेरिकेत हर्मन हॉलरिथने १८९०च्या जनगणनेसाठी पत्ते वाचणारं यंत्र बनवलं. त्याच्या कंपनीचा वंश पुढे आयबीएमपर्यंत गेला. या हॉलरिथची पदवी कशातली? खाणकामातली. कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्सचा तो पदवीधर. तेव्हापासून मला नादच लागला. एखाद्याचं नाव संगणकाच्या पुस्तकात दिसलं की मी आधी बघते, हा शिकला काय होता.

१९४६ साली फिलाडेल्फियात एनियॅक हे यंत्र लोकांपुढे आलं. मोठी खोली भरून, हजारो व्हॉल्व्हचं. त्यावर गणितं बसवणाऱ्या सहा मुली होत्या. त्यांतल्या बहुतेक गणिताच्या पदवीधर, पण बेटी स्नायडर पत्रकारिता शिकलेली. तीही गणितच शिकायला गेली होती. पहिल्याच दिवशी वर्गावर प्राध्यापकांनी विचारलं की घरी राहून मुलं सांभाळलेली बरी नाहीत का? तिने विषय बदलला. युद्धात पुरुष गेले, गणितं करायला माणसं हवी झाली, तेव्हा ती आकडेमोडीच्या कामावर लागली आणि तिथून एनियॅकवर. या यंत्राला पुस्तक नव्हतं, भाषा नव्हती. विजेच्या आकृत्या वाचून, तारा इकडच्या तिकडे जोडून ते चालवावं लागे. पुढे याच बेटीने युनिव्हॅकसाठी माहिती क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या प्राध्यापकांचं नाव आज कोणाला ठाऊक आहे?

मला सगळ्यात आवडतो तो हॉलंडचा डाइक्स्ट्रा. शिकला भौतिकशास्त्र, लायडन विद्यापीठात. १९५२ साली अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागला. १९५७ साली लग्न ठरलं, नोंदणीसाठी व्यवसाय विचारला, त्याने 'प्रोग्रॅमर' सांगितलं. नगरपालिकेचे लोक म्हणाले, असा व्यवसायच नसतो! शेवटी कागदावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहावं लागलं. आपल्याकडे आता उलटं आहे. स्थळाच्या बायोडेटावर 'आयटी' लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाही. माझ्या बायोडेटावर मामाने परस्पर 'बी.ई. (सॉफ्टवेअर)' लिहिलं होतं, हे सासरी लग्नानंतर कळलं.

लग्नाच्या आधी एकदा डाइक्स्ट्रा होणाऱ्या बायकोबरोबर बाजारात फिरून कॉफी प्यायला बसला. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढावा, याची रीत त्याने तिथे वीस मिनिटांत मनातल्या मनात तयार केली. जवळ कागद-पेन्सिलही नव्हती. आज अलकापुरीहून मांडवीला जाताना फोन जो रस्ता दाखवतो, त्यामागच्या हिशेबाचं मूळ तिथे आहे.

इंग्लंडचा टोनी होर ऑक्सफर्डला ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकला. आपल्याकडे 'आर्ट्सला गेला' म्हणून नातेवाइकांनी उसासे टाकले असते. सक्तीच्या लष्करी सेवेत नौदलाने त्याला रशियन शिकवलं, आणि त्या भाषेच्या बळावर तो मॉस्कोला गेला. तिथे यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचं काम चाललं होतं. शब्दकोश होता लांबच लांब चुंबकीय फितीवर, म्हणून वाक्यातले शब्द आधी अकारविल्हे लावून घ्यायचे, म्हणजे फीत पुढेमागे नाचवावी लागत नाही. ते झटपट कसं लावायचं, या विचारातून त्याला क्विकसॉर्ट सुचला. रीत अगदी घरगुती आहे. ढिगातला एक शब्द उचला, त्याच्या आधीचे डावीकडे, नंतरचे उजवीकडे. मग दोन्ही ढिगांना तसंच करा, आणि त्यांच्या ढिगांना पुन्हा तसंच. परत आल्यावर तो ज्या कंपनीत लागला, तिथल्या साहेबाने सहा पेन्सची पैज लावली की हे काही वेगाने होणार नाही. साहेब हरला.

जॉन बॅकस तर आपल्याकडे 'वाया गेलेला मुलगा' म्हणून ओळखला गेला असता. रसायनशास्त्र सोडलं, सैन्यात गेला, वैद्यकीय शिक्षण सुरू करून तेही सोडलं, मग रेडिओ दुरुस्ती शिकला. तिथे गणिताची गोडी लागली. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमचं यंत्र बघायला गेला आणि तिथेच नोकरी विचारली. १९५० साली लागला. १९५७ साली त्याच्या गटाची फोरट्रान भाषा बाहेर पडली. त्या गटात स्फटिकांचा अभ्यास केलेला डेव्हिड सेअर होता, विमान कंपनीतून आलेला रॉय नट होता आणि नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली लॉइस हेबट होती. पर्ल ही भाषा करणारा लॅरी वॉल भाषाशास्त्राचा; ज्या बोलींना लिपी नाही, त्यांना लिपी करून द्यायची असं त्याच्या मनात होतं.

अशी नावं खूप सांगता येतील, पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. या मंडळींचे दाखले देऊन 'डिग्रीला काही अर्थ नाही' म्हणणारे लोक मला पटत नाहीत. त्या काळी संगणकशास्त्राची पदवी नव्हतीच, तर ती घेणार कुठून? अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ साली. आधीचे सगळे कुठून तरी दुसरीकडूनच आलेले असणार. आणि गणितातली डॉक्टरेट म्हणजे काही 'बाहेरचा माणूस' नव्हे.

आपल्या देशातही तसंच झालं. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएमचं १६२० यंत्र आलं आणि शिकवणं सुरू झालं. ज्यांच्या पुस्तकांवर दोन पिढ्या प्रोग्रॅमिंग शिकल्या ते व्ही. राजारामन मूळचे भौतिकशास्त्राचे. टीसीएस वाढवणारे फकीरचंद कोहली विजेचे इंजिनिअर, टाटांच्या वीज कंपनीतून आलेले. नारायण मूर्तीही मैसूरचे इलेक्ट्रिकलचे. संगणकातला ट्युरिंग पुरस्कार १९९४ साली राज रेड्डींना मिळाला. त्यांची मद्रासच्या गिंडी कॉलेजातली पदवी सिव्हिलची, म्हणजे पूल आणि रस्त्यांची.

आणि आपली, महाराष्ट्राबाहेरची माणसं? नरेंद्र करमरकर जन्मले ग्वाल्हेरला. मुंबईच्या आयआयटीतून इलेक्ट्रिकल झाले, मग अमेरिकेत जाऊन संगणकशास्त्रात डॉक्टरेट. १९८४ साली बेल लॅबमध्ये असताना त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची जी नवी रीत दिली, ती त्यांच्याच नावाने जगभर शिकवली जाते. मर्यादित सामान, मर्यादित वेळ, आणि त्यात जास्तीत जास्त काय साधता येईल, अशा जातीची ही गणितं. मुंबईच्या आयआयटीत वर्षानुवर्षं संगणक शिकवणारे दीपक फाटक इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया कॉलेजचे, तेही इलेक्ट्रिकलचे. आणि 'परम'वाले विजय भटकर! जन्म अकोला जिल्ह्यातला, बी.ई. नागपूरला, दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, आणि मधलं एम.ई. आमच्या बडोद्याच्या विद्यापीठातलं. अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. हे वाचलं त्या दिवशी मी बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "मग? कलाभवन आहे ते!"

आता मला काय कमी पडलं, ते सांगते. पहिल्याच वर्षी एक काम आलं. ग्राहकांच्या दोन याद्या, दोन्हीकडे पन्नास-पन्नास हजार नावं. पहिल्या यादीतलं कोण दुसऱ्या यादीत आहे ते शोधायचं. मी सरळ लिहिलं, पहिल्या यादीतलं एक नाव घ्या, दुसरी यादी वरपासून खालपर्यंत बघा, मग दुसरं नाव घ्या. प्रोग्रॅम रात्रभर चालला आणि सकाळीही चालतच होता. शेजारचा कॉम्प्युटर ब्रँचचा मुलगा दोन मिनिटं बघून म्हणाला, "अगं, तू अडीचशे कोटी तुलना करते आहेस." त्याने दुसरी यादी हॅश टेबलमध्ये घातली, म्हणजे प्रत्येक नावाला आधीच एक खण नेमून दिला; वाण्याच्या दुकानात जिरं कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक असलं की सगळे डबे उघडावे लागत नाहीत, तसं. काम चहा होईपर्यंत संपलं. मला त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडू आलं. तो हुशार आणि मी मठ्ठ, असं नव्हतं. त्याला हे दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं आणि मला त्या वर्षी सुताचा पीळ मोजायला शिकवलं होतं.

पुढची दोन वर्षं मी रात्री बसून डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस वाचले. जुनी पुस्तकं रावपुऱ्यातून आणली. तेव्हा कमी पडतं, हे खरं; भरून काढता येतं, हेही खरं. आणि गिरणीतलं काही उपयोगी पडलं का, तर पडलं. कापडात दोष दिसला की तो धाग्यात आहे, ताण्यात आहे की मागात, हे मागे मागे जात शोधायची सवय. आजही टीममध्ये किचकट चूक निघाली की माझ्याकडे येते.

आता ऑफिसातली गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक जागा निघाली. फॉर्मवर ठळक अट होती: फक्त कॉम्प्युटर किंवा आयटी. पण काही तरी गफलत होऊन चाचणीची लिंक अर्ज केलेल्या सगळ्यांनाच गेली. पेपर आम्ही नावं न बघता तपासले. पहिल्या तिघांत एक मुलगी निघाली, पादऱ्याकडची, बी.एस्सी. केमिस्ट्री. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथे रोज यंत्रातून निघणारे आकडे हाताने वहीत उतरवावे लागत, म्हणून तिने आपली आपण पायथन शिकून ते काम करणारा प्रोग्रॅम लिहिला होता.

मीटिंगमध्ये यादी आली. आमचे साहेब म्हणाले, "ही केमिस्ट्रीवाली इथे कुठून आली? काढा." कोणी तरी म्हणालं, "लॅब उघडायची का?" सगळे हसले.

मीही हसले.

माझी ब्रँच तिथे कोणालाच माहीत नव्हती. कंपनीच्या प्रोफाइलवर माझ्या नावापुढे नुसतं 'बी.ई.' आहे. ते मीच तसं भरलं होतं, आधीची नोकरी सोडून इथे आले तेव्हा, विचार करून. ही अट त्या वेळी असती आणि मी खरं लिहिलं असतं, तर माझाही अर्ज त्या चाळणीतून खाली पडला असता. हे मला मीटिंगमध्ये बसल्या बसल्या कळत होतं, आणि मी पुढचं नाव वाचलं.

दोन आठवडे गेले. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, आता बोलून काय उपयोग. बाबांना सांगायची तर हिंमतच झाली नाही. शेवटी एका संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की मी टेक्सटाइलची आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहेलां कहेवुं हतुं ने, बेन." मी विचारलं, "सर, तुमची ब्रँच?" तेव्हा ते हसले. इन्स्ट्रुमेंटेशन!

दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही टीममध्ये प्रत्येकाला विचारत सुटलो. एक मेकॅनिकल, दोन इलेक्ट्रॉनिक्स, एक फिजिक्स करून एमसीए झालेली. कॉम्प्युटरवाले होते, पण निम्म्याहून कमी. आणि ती अट कोणी घातली होती? कोणीच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी टीमचा जुना फॉर्म कोणी उचलला होता, त्यात ती ओळ होती, आणि ती पत्त्यांच्या माळेतल्या उलट्या पत्त्यासारखी दर भरतीत परत परत उमटत होती. साहेब काही वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं असं की अर्ज इतके येतात की कुठे तरी गाळणी लावावीच लागते, आणि तेही खोटं नाही. आता गाळणी चाचणीची आहे. चाचणीही अवघड केली आहे. हॅश टेबलचा प्रश्न मी स्वतः घातलाय.

या महिन्यात पुन्हा जागा निघाली. त्या मुलीला मीच फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी माझं काय चुकलं होतं?"

मी सांगितलं, तुझं काही चुकलं नव्हतं. आणि मीटिंगमध्ये काय झालं तेही सांगितलं, माझ्या हसण्यासकट. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तिने चाचणी किती वाजता आहे ते विचारलं. गुरुवारी दहाला आहे. पास होईल की नाही, मला माहीत नाही. मुलाखतीच्या पॅनेलवर मी बसणार नाही, असं साहेबांना सांगून ठेवलंय.

तर काकू, नातवाला रविवारी घेऊन या आमच्याकडे. कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर काय काय वाचावं लागेल त्याची यादी मी करून ठेवते. यादी लांब आहे, हे आधीच सांगते. बाबाही घरीच असतात. त्याला जॅकार्डचे पत्ते दाखवतील.